माझा पहिला युक्तिवाद आणि कमलम्माचा रस्ता

१ डिसेंबर
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. बाबांना सापडली तर त्यांनी न वाचता जागेवर ठेवावी, नाहीतर तो माझ्या खासगीपणावर घाला समजला जाईल.

परिस्थिती अशी. वकिलीची सनद मिळाली गेल्या फेब्रुवारीत. तेव्हापासून ॲड. शरणबसव हिरेमठ यांच्या चेंबरमध्ये ज्युनियर. बाबा शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला मुदत असते. मलाही दिली. वर्षाच्या आत एक तरी केस कोर्टात उभा राहून स्वतःच्या तोंडानं बोल. नाही जमलं तर अकलूजला काकांच्या खताच्या दुकानात बस, त्यांना माणूस हवाच आहे.

अकलूज चांगलं गाव आहे. पण हृषीकेश वेणीमाधव मंगळवेढेकर हा माणूस पोत्यांसाठी जन्मलेला नाही. माझा आवाज कोर्टासाठी आहे. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत दुसरा आलो होतो, तेही परीक्षकांना नीट ऐकू येत नव्हतं म्हणून.

संकल्प: पहाटे उठून आवाजाचा रियाज. रोज एक जजमेंट वाचणे. चहा कमी. अस्वस्थ व्हायचं नाही.

२ डिसेंबर
उठायला उशीर. नळाला चार दिवसांनी पाणी आलं, घरभर बादल्या आणि पातेली. अशात रियाज कुठे करणार? जजमेंट उघडलं, फार लांब होतं. चहा मोजला नाही.

४ डिसेंबर
कोर्टात बोललो! सर खालच्या मजल्यावर दुसऱ्या कोर्टात होते. वर आमची केस पुकारली. मी उभा राहून म्हटलं की सर दुसऱ्या कोर्टात बिझी आहेत, पासओव्हर मिळावा. म्हणजे केस थोड्या वेळानं घ्यावी. जजसाहेबांनी मान वर न करता 'हं' केलं.

गेले नऊ-दहा महिने मी हे एकच वाक्य बोलतोय. पण आज 'मिळावा'वर जोर दिला. फरक जाणवला. अक्षताला विचारलं, तिला जाणवला नाही. अक्षता आमच्या चेंबरची दुसरी ज्युनियर, माझ्याच बॅचची. तिनं आतापर्यंत साक्षीदारांचे उलटतपास घेतलेत, अर्ज बोललेत. सर तिला काम देतात कारण ती लवकर येते आणि फायली वाचून येते. याला गुणवत्ता म्हणत नाहीत.

८ डिसेंबर
आज चेंबरला कमलम्मा नावाची बाई आली. अक्कलकोटच्या पुढचं गाव. साठीची असेल. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. रानात ऊस उभा आहे. रानातून मोठ्या रस्त्याला यायची वाट धाकट्या दिराच्या बांधावरून जाते. त्या शंकरप्पानं भांडणात वाटेवर चर खणला आणि वर काटेरी कुंपण घातलं. बैलगाडीही जात नाही, मग उसाचा ट्रॅक्टर कुठून जाणार? कारखान्याची तोडणीची टोळी जानेवारीच्या शेवटी तिच्या रानात येणार. तोपर्यंत वाट मोकळी झाली नाही तर टोळी पुढच्या रानात निघून जाणार आणि ऊस वाळत उभा राहणार. म्हणाली, सायेब, मला जिंकायचं न्हाय, मला फकस्त ट्रॅक्टर भायेर काडायचाय.

सरांनी दावा आणि त्यासोबत तूर्त मनाईचा अर्ज करायचं ठरवलं. म्हणजे दावा चालू असेपर्यंत शंकरप्पानं वाट अडवू नये असा हुकूम मागायचा. मला पानांना नंबर घालायला दिले. बाई बाहेरच्या बाकावर बसून घरातलं बरंच काही सांगत होती. अशील फार बोलतात. मी मुद्द्याचं तेवढं ऐकलं.

अंगावर काटा आला. विधवा बाई, अडवलेली वाट, दुष्ट दीर. ही केस मी बोलणार.

९ डिसेंबर
सरांना विचारलं की हा अर्ज मी बोलू का. सर म्हणाले आधी पानांचे नंबर नीट घाल, अठराव्या पानानंतर पुन्हा अठरा आहे.
म्हणजे नाही म्हणाले नाहीत.

१८ डिसेंबर
शंकरप्पातर्फे ॲड. बिराजदार हजर झाले. मुरलेले वकील. त्यांनी लेखी म्हणणं दिलं की अशी वाटच नव्हती. खोटारडेपणा! मी जागेवरच ताडकन उभा राहिलो. जजसाहेबांनी विचारलं काय पाहिजे. मी म्हटलं पासओव्हर. सवय.
सुनावणी १९ जानेवारीला.

२६ डिसेंबर
कोर्टाला नाताळची सुट्टी. घरात बसवत नाही. गच्चीवर फेऱ्या मारत युक्तिवाद रचला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आईला विचारलं की हृषीकेशचं कोणाशी भांडण झालंय का.
युक्तिवाद चौदा पानी झाला. शंकरप्पाचं वर्णनच दोन पानं. त्याला मी पाहिलेलं नाही, पण डोळ्यांसमोर आहे.

१ जानेवारी
नव्या वर्षाचे संकल्प डिसेंबरचेच. तेव्हा वेळ मिळाला नव्हता.

६ जानेवारी
आरशासमोर संपूर्ण युक्तिवाद. 'माणुसकीशून्य' म्हणताना डावा हात वर जातो, गाऊन घसरतो. उजवा हात वापरायचा.
आईनं दाराबाहेरून विचारलं की माणुसकीशून्य कोण. मी म्हटलं प्रतिवादी. ती म्हणाली मग ठीक आहे, भाकरी गार होतेय.

१५ जानेवारी
गड्ड्याच्या यात्रेत सगळं सोलापूर. सरही. चेंबर बंद. यात्रा सोडून तयारी करणारा मी जिल्ह्यातला एकमेव वकील असेन. संध्याकाळी थोडा वेळ गड्ड्यावर गेलो, आकाशपाळण्यात बसलो. वर गेल्यावर युक्तिवादाचा शेवट सुचला, खाली येईपर्यंत विसरलो.

१८ जानेवारी, रविवार
नशीब!! सरांना उद्या कोल्हापूरला हायकोर्टाच्या बेंचपुढे जायचंय. अक्षता त्यांच्याबरोबर. कमलम्माच्या अर्जाला मी!

सर निघताना म्हणाले, गड्ड्यावर बिराजदार भेटले होते, शंकरप्पा नरमलाय असं दिसतं. उद्या ते काही देत असतील तर घे, थँक्यू म्हण आणि खाली बस. देत नसतील तर जवळची तारीख माग. दोन्हीपैकी काहीही झालं तरी बोलू नकोस.
मी घाबरेन अशी त्यांना काळजी वाटत असणार. त्यांचा स्वभाव हळवा आहे.

बाबांना सांगितलं की उद्या उभा राहतोय. बाबा म्हणाले, बोलणार आहेस की नुसता उभा? मी म्हटलं बोलणार. त्यांनी चष्म्यातून बघितलं आणि कॅलेंडरकडे मान वळवली.

१९ जानेवारी
हा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहिला पाहिजे. पेन निळंच आहे.

सविस्तर लिहितो. केस पुकारली. मी उभा. बिराजदार उभे राहिले आणि म्हणाले की माझ्या पक्षकाराची हरकत नाही. चर बुजवतो, कुंपण काढतो, ट्रॅक्टर जाऊ देतो. तशी पुरसिस लिहून आणली होती. पुरसिस म्हणजे कोर्टाला द्यायचं पानभर लेखी निवेदन. शंकरप्पा मागच्या बाकावर होता, सही करायला पुढे आला, पेनाचं टोपणही काढलं. हडकुळा, पांढऱ्या मिशीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला माणूस. मी कल्पिला होता त्यापेक्षा बराच लहान. जजसाहेब म्हणाले, छान, मग काही राहिलंच नाही.

काही राहिलंच नाही! माझी चौदा पानं? वर्षाची मुदत? बिराजदारांनी चलाखीनं माझा युक्तिवादच काढून घेतला होता. हा डाव माझ्या लगेच लक्षात आला.

मी म्हटलं की त्यांची हरकत नसली तरी माझी आहे. जजसाहेबांनी विचारलं कशाला. मी म्हटलं की वस्तुस्थिती न्यायालयासमोर आल्याशिवाय न्याय होणार नाही. जजसाहेब म्हणाले की तुम्हाला जे पाहिजे ते मिळतंय. मी म्हटलं की न्याय मिळणं आणि न्याय झालेला दिसणं यांत फरक आहे. (हे कुठून सुचलं माहीत नाही. पाठांतरात नव्हतं.) त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले बोला, पण थोडक्यात.

बोललो! आवाज असा लागला की दारातून जाणारे शिपाई थांबले. वाट आधीपासूनची आहे हे सांगितलं. मग शंकरप्पावर आलो. म्हटलं की हा इसम कपटी आणि लोभी आहे. विधवा भावजयीच्या ताटातली भाकरी ओढताना याचा हात थरथरला नाही. याला ना नातं माहीत, ना माया. असला माणूस आज कोर्टाच्या भीतीनं पुरसिस देतोय, उद्या पुन्हा चर खणेल. उजवा हात वापरला. गाऊन घसरला नाही.

शंकरप्पाचा चेहरा काळाठिक्कर पडला. म्हणाला, मी येवडा वंगाळ हाय, तर मग सई तरी कशाला करू? पेनाला टोपण लावलं आणि बाहेर निघून गेला. सत्य सहन झालं नाही. बिराजदारांची धावपळ उडाली. त्यांनी पुरसिस परत घेतली आणि उत्तर द्यायला तारीख मागितली. समोरचा वकील माझ्यामुळे तारीख मागतोय! ९ फेब्रुवारी मिळाली. जजसाहेबांनी कपाळाला हात लावला, खोल विचारात पडले असावेत.

बाहेर बिराजदारांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, अशीच प्रॅक्टिस करत राहा, आमच्यासारख्यांचं बरं चालेल. मोठ्या मनाचा माणूस.

कमलम्मा भिंतीला टेकून रडत होती. अशिलाच्या डोळ्यांत पाणी येईल असा युक्तिवाद किती वकिलांना जमतो? ती कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. मला कन्नड येत नाही, पण भाव कळतो. मी म्हटलं, आजी, काळजी करू नका, आपण पूर्ण जिंकू.

रात्री बाबांना सांगितलं. बाबा चपला घालून खाली गेले आणि पेढे घेऊन आले. स्वतः शेजारी वाटले. मग अकलूजला फोन लावून काकांना सांगितलं की दुसरा माणूस बघ.

२० जानेवारी
अक्षताचा कोल्हापूरहून फोन. बिराजदारांच्या ज्युनियरकडून तिला कळलं होतं. तिनं विचारलं की तू खरंच नो ऑब्जेक्शनला ऑब्जेक्शन घेतलंस का. मी म्हटलं तांत्रिकदृष्ट्या तसं म्हणता येईल. तिनं फोन ठेवला.
असूया.

२१ जानेवारी
सर आले. मी चौदा पानांची प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली होती. त्यांनी उचलली नाही.

विचारलं की रस्ता देतो म्हणाले होते का. मी म्हटलं हो. सही करत होता का. हो. मग तू काय केलंस. मी म्हटलं युक्तिवाद. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. पुन्हा काढला. मग म्हणाले की टोळी महिनाअखेरीला येते, तारीख नऊ फेब्रुवारीची आहे, आता त्या बाईचा ऊस कोणत्या वाटेनं काढायचा ते सांग.

चौदा पानांत कुठेही टोळीचा उल्लेख नव्हता.

सरांनी आदल्या दिवशी स्पष्ट सांगायला हवं होतं. म्हणजे सांगितलं होतं. पण जोर दिला नव्हता.

२२ जानेवारी
झोप नीट नाही. चूक झाली असेल तर ती दुरुस्त करण्यात वकिलाचं कसब. योजना: सुनावणी लवकर घ्या असा अर्ज. दुपारपर्यंत ड्राफ्ट तयार, सहा पानं, फार प्रभावी. कोर्टात गेलो तर जजसाहेब ट्रेनिंगला गेलेले. पुढच्या महिन्यातच येणार.

२४ जानेवारी
नवी योजना. कारखान्याच्या शेती विभागाला फोन करून टोळी पुढे ढकलायची. तिथल्या साहेबांनी गट नंबर विचारला. मी म्हटलं की नंबराआधी पार्श्वभूमी समजून घ्या. त्यांनी फोन ठेवला. पुन्हा लावला, उचलला नाही. अक्षतानं माझ्या हातून फाईल घेतली, गट नंबर सांगितला, चार वाक्यं बोलली. ते म्हणाले दोन-तीन दिवस थांबवतो, त्यापुढं जमणार नाही.
योजना माझीच होती.

२६ जानेवारी
झेंडावंदन. बाबांनी शेजारच्या निवृत्त मास्तरांना सांगितलं की आमच्या हृषीकेशनं परवा कोर्ट गाजवलं. मास्तरांनी विचारलं निकाल काय लागला. मी पाणी आलंय का बघायला वर गेलो. आज पाण्याचा दिवस नव्हता.

२८ जानेवारी
स्वतः गावाला गेलो. शंकरप्पाला भेटून समजूत काढायची असं ठरवलं होतं. एसटीत मुद्दे काढले.

कमलम्मा घराबाहेर धान्य पाखडत होती. मला बघून दचकली. मला आत बसवलं, आधी पाणी, मग भाकरी आणि शेंगाची चटणी. मी म्हटलं की शंकरप्पाकडे घेऊन चला. ती म्हणाली, नगं सायेब. तुमी आलाव हेच लई झालं. पर त्यो रानातनं यायच्या आत तुमी बस धरा.

मग तिनं सांगितलं. ती लग्न होऊन आली तेव्हा सासू नव्हती आणि शंकरप्पा पाच वर्षांचा होता. त्याला तिनं वाढवलं. तापात मांडीवर घेऊन बसली, शाळेत घालायला गेली, लग्नात हळद लावली. आता त्याच्या सुनेवरनं दोघांत बोलाचाली झाली, त्या रागात त्यानं चर खणला. म्हणाली, भांडला म्हून काय झालं, माझाच हाय की. तुमी कोडतात म्हनला, याला माया म्हाईत न्हाय. त्या दिसापासनं त्यो जेवला का न्हाय तेबी कुणी सांगंना मला.

मी हातातला घास ताटात ठेवला. मी विचारलं की हे मला आधी का नाही सांगितलं. ती म्हणाली सांगितलं हुतं की, भायेरच्या बाकावर बसून. तुमी नंबर घालीत हुता.

अडवलेली वाट डोळ्यांनी पाहून आलो. चर फार खोल नाही. चार माणसांनी सकाळभरात बुजवला असता. पलीकडे तिचा ऊस उभा होता, दाट, डोक्याच्या वर. मी कुंपणाशी थांबून त्या बाजूला बघत राहिलो. मग बस आली.

३० जानेवारी
काही लिहिण्यासारखं नाही. चेंबरला गेलो, पानांना नंबर घातले. सरांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

२ फेब्रुवारी
वाट मोकळी झाली! ट्रॅक्टर गेला! कमलम्मा चेंबरला आली होती, चेहऱ्यावर ऊन पडल्यागत दिसत होती. टोळीनं ऊस तोडला, सगळा कारखान्याला गेला. चर शंकरप्पानं स्वतः बुजवला.

मला लगेच कळलं की हा माझ्या परवाच्या भेटीचा परिणाम. मी गावात येऊन गेल्याचं कानावर गेलं असणार, वचक बसला असणार. सरांना तसं सांगणारच होतो. कमलम्मा सरांशी कन्नडमध्ये बराच वेळ बोलली. सर ऐकताना खाली बघत होते. ती गेल्यावर मी अक्षताला, तिला कन्नड कळतं, विचारलं की माझं नाव घेतलं का. अक्षता म्हणाली घेतलं.

मग तिनं सांगितलं. मी येऊन गेलो त्याच संध्याकाळी कमलम्मा शंकरप्पाच्या दारात गेली. तो आत घेईना. ती उंबऱ्याबाहेर बसून राहिली. तो बाहेर आल्यावर वाकून त्याच्या पायांना हात लावला. ज्याला तिनं अंगाखांद्यावर वाढवलं त्याच्या. म्हणाली की कोर्टात जे म्हटलं ते माझं नव्हतं, वकिलाच्या पोराचं होतं. मी त्याला तसलं काही सांगितलं नव्हतं. पोर नवं आहे, त्याला बोलायची हौस आहे, त्याच्या वतीनं मी माफी मागते. तिनं पायांना हात लावल्यावर तो ढसाढसा रडला. रात्री तिथंच जेवली.

मी कागद आवरत बसलो. अक्षतानं चहा आणून ठेवला आणि निघून गेली. मला इतकी लाज आजपर्यंत कधी वाटली नव्हती. माझ्या युक्तिवादाची माफी माझ्या अशिलानं मागितली, आणि मी परवा तिच्याच घरची भाकरी खाऊन तिलाच जाब विचारून आलो.

रात्री बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाले पेढे तर वाटून झाले. अकलूजला काकांनी दुसरा माणूस ठेवलाय, त्यामुळे तिकडे जाताही येणार नाही. मी विचारलं की आता काय करू. ते म्हणाले सरांना विचार, मला काय कळतं त्यातलं.

३ फेब्रुवारी
सरांना विचारलं. ते म्हणाले ये रोज. पण पुढचे सहा महिने कोर्टात तोंड उघडायचं नाही, पासओव्हरसाठीसुद्धा. ते अक्षता मागेल. तू बाकावर बसायचं आणि अशील काय बोलतात ते लिहून घ्यायचं. सगळं, मुद्द्याचं नसलेलंही.
बरं म्हटलं.

९ फेब्रुवारी
दावा मागे घ्यायचा होता. सरांनी अक्षताला पाठवलं आणि मला तिच्याबरोबर, फाईल धरायला. ऊन आत्ताच चटका देतंय. कमलम्मा आणि शंकरप्पा एका बाकावर बसून शेंगा खात होते. बिराजदार मला बघून हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार?

अक्षता उभी राहिली, म्हणाली तडजोड झाली आहे, दावा मागे घेतो. जजसाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की यांची हरकत नाही ना? सगळं कोर्ट हसलं. मी बसल्या जागी मान हलवली. संपलं. पुरतं मिनिटभरही लागलं नसेल.

बाहेर व्हरांड्यात शंकरप्पा माझ्या दिशेनं आला. मी ठरवलं होतं की माफी मागायची, काय बोलायचं तेही मनात जुळवलं होतं, अगदी थोडक्यात. पण आधी तोच म्हणाला की सायेब, माजी एक केस हाय. चुलतभावाबरोबर विहिरीच्या पाण्याची. वकील बघतोय. बिराजदार सायबाकडं न्हाय जायचं, त्यांची फी लई हाय.

लिहायला लाज वाटते, पण खरं ते लिहितो. मला वाटलं की त्या दिवशी मी जे बोललो ते त्याला कुठेतरी पटलं असेल. एवढं तिखट बोलणारा वकील आपल्या बाजूला असावा असं वाटलं असेल. खिशात पेन चाचपलं. म्हटलं, बोला ना.

तो म्हणाला, हिरेमठ सायबाचा नंबर द्या.

मी दिला. त्यानं मोबाइलमध्ये घातला, नाव नीट लिहिलंय का बघायला स्क्रीन माझ्यासमोर धरली. मग थोडा घुटमळला आणि विचारलं की त्या केशीत तुमी नसाल न्हवं?

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एकही वाक्य तयार नव्हतं. कमलम्मा मागून आली, पदराला हात पुसत. तिनं ऐकलं असावं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, असू दे की रं. कडंला बसंल गप. पोरगं वाईट न्हाय.

शंकरप्पानं माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाला, बरं, वैनी म्हनतीया तर बसू द्या.